आधी टेप लावा, मोजायची

जुना स्टिरिओ घ्यायचं डोक्यात शिरलं की माणसाला स्टिरिओ दिसतो, घर दिसत नाही. चंदेरी दर्शनी पट्टी दिसते, काचेमागचा निळसर उजेड दिसतो, बोटांना गार लागणारं ॲल्युमिनियमचं व्हॉल्यूमचं बटण दिसतं. घर दिसतं ते थेट टेम्पोवाला खाली हॉर्न मारतो तेव्हा. आणि त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारातून प्रश्न येतो, "हे ठेवणार कुठे?"

हा प्रश्न खवचट वाटतो, पण सगळ्या हाय-फाय शास्त्राचा पाया तोच आहे.

आपला हॉल दहा बाय बारा. हे झालं ब्रोशरमधलं माप. बिल्डर चार भिंती देतो, त्यातल्या अडीच दारं-खिडक्या खातात. उरलेल्या दीड भिंतीत सोफा-कम-बेड, टीव्ही युनिट, चपलांचं कपाट आणि लग्नात आलेली, फेकताही येत नाही अशी एक निसर्गचित्राची फ्रेम. म्हणून खरेदीला निघताना पहिली टेप लावायची ती मोजायची. गाण्याची नंतर.

लोक रुंदी मोजतात आणि तिथेच फसतात. जुन्या सेटची रुंदी साधारण 43 ते 56 सेंटिमीटर, ती कुठेही मावते. घात करते ती खोली. म्हणजे राहायची खोली नव्हे, पुढून मागे असलेली. सुताराने केलेलं टीव्ही युनिट 16 इंच, म्हणजे 40 सेंटिमीटर खोल. सत्तरच्या दशकातला तगडा रिसीव्हर (ॲम्प्लिफायर आणि रेडिओ एकाच डब्यात) 35 ते 50. त्यात मागच्या वायरींच्या पिना सरळ बाहेर येतात, त्यांना आणखी पाच सेंटिमीटर लागतात. मग सेट युनिटच्या बाहेर डोकं काढून बसतो, आणि त्या डोक्याला येता-जाता सगळ्यांचे गुडघे लागतात. वर मोकळी जागा निदान दहा-बारा सेंटिमीटर हवी, कारण हे जुने ॲम्प्लिफायर चांगलेच तापतात आणि त्यांची गरम हवा वरच्या जाळीतून जाते. त्या जाळीवर घरात पहिल्याच आठवड्यात क्रोशाचा रुमाल येतो, रुमालावर फुलदाणी, फुलदाणीत पाणी. आतला वीज साठवणारा कंडेन्सर वयाने आधीच थकलेला असतो. त्याला रुमालाची ऊब आणि वरून पाण्याची भीती, दोन्ही सोसत नाही.

आता वॉटची गोष्ट. पायोनियरचा एसएक्स-1250 हा 1976 चा रिसीव्हर. दर चॅनलला 160 वॉट, वजन 29 किलोच्या आसपास. त्याचे फोटो पाहून भल्याभल्यांची झोप उडते. पण साधा घरगुती स्पीकर एका वॉटला, एका मीटरवर, 87 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. सोफा दोन मीटरवर. म्हणजे एका वॉटात गाणं घरभर ऐकू येतं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. उरलेले 159 वॉट सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाणाऱ्या अर्जासाठी. शिवाय पॉवर दुप्पट केली तरी आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. म्हणजे वीसवरून चाळीस वॉटवर गेल्याचं कानांना जेमतेम कळतं, कमरेला मात्र सेट उचलतानाच कळतं.

फुकट जाणारे वॉट परवडले, पण मोठ्या सेटची एक खोड छोट्या हॉलमध्येच उघडी पडते. तिथे व्हॉल्यूमचं बटण घड्याळातल्या सात आणि आठ यांच्यामध्येच अडकून राहतं. जुन्या व्हॉल्यूम कंट्रोलचे डावा-उजवा ट्रॅक नेमके तिथेच एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे गायिका डावीकडच्या स्पीकरवर आणि तबलजी उजवीकडे, रुसल्यासारखा. खरखरही तिथेच जास्त. उपाय कॉन्टॅक्ट क्लीनर. गंजलेल्या बिजागरीवर मारायचा स्प्रे नव्हे. तो आतलं मूळचं वंगण धुऊन नेतो आणि बटण भवऱ्यासारखं फिरायला लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: अशा हॉलला 20 ते 30 वॉट पुष्कळ. 1978 चा नॅड 3020 हा ॲम्प्लिफायर घ्या. दर चॅनलला 20 वॉट, उंची दहा सेंटिमीटरच्या आत, खोली 24 च्या आसपास, रंग सरकारी कचेरीतल्या कपाटासारखा. दिसायला इतका बापुडवाणा की घरात कुणी हरकतच घेत नाही. हा त्याचा सगळ्यात मोठा तांत्रिक गुण. किंवा त्याच सुमाराला जपानी कंपन्यांनी काढलेले, जेमतेम तीसेक सेंटिमीटर रुंदीचे छोटे सुटे डबे बघा, ॲम्प्लिफायर वेगळा, रेडिओ वेगळा. टेक्निक्सची 1979 ची सी-01 मालिका त्यातलीच. आणि नव्वदच्या दशकातल्या ज्या खोक्यावर "2000 वॉट पीएमपीओ" असं लिहिलंय, त्याकडे बघून नुसतं हसा. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा, हा आकडा मोजत नाहीत, सुचतो.

स्पीकरचं प्रकरण अधिक नाजूक, कारण ते दोन असतात. बारा इंची वूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची, उभी पेटी मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, झोकात दिसते. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ती न बोलावता मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी दिसते. ती दिसते तशीच वाजतेही. खोलीला स्वतःचा खर्ज असतो. बारा फुटांची लांबी 47 हर्ट्झच्या आसपास घुमते, दहा फुटांची रुंदी 56 ला, नऊ फुटांची उंची 62-63 ला. मोठा वूफर नेमका याच भागात हात धुऊन घेतो. त्यात जागा नाही म्हणून तो कोपऱ्यात गेला, की दोन भिंती आणि फरशी मिळून खर्ज आणखी फुगवतात. मग डग्गा वाजत नाही, शेजारी कुणीतरी पिंप सरकवतंय असं वाटतं. पेटीला मागून हवेचं भोक असेल तर भिंतीपासून फूटभर तरी पुढे काढावी लागते. तो फूट आणायचा कुठून? म्हणून भिंतीला लागून ठेवायचं असेल तर बंद पेटीचा स्पीकर बघावा.

बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसावा म्हणून एक स्पीकर तयार केला, एलएस 3/5ए. फूटभर उंच, साडेसात इंच रुंद, बंद पेटी. गाडीत मावला तो आपल्या हॉलमध्येही मावेल, कारण दोन्हींत फारसा फरक नाही. तो खातो मात्र जास्त (82-83 डेसिबलच देतो), आणि त्याची किंमत ऐकून हॉल विकावा लागेल असं वाटतं. म्हणून तो स्वतः घेऊ नये, त्याची कल्पना घ्यावी: छोटी बंद पेटी, पाच-सहा इंची वूफर, कानाच्या उंचीवर.

घेताना पेटीचं कापड काढायला लावाच. विकणारा म्हणेल, "ओरिजिनल है साब, खोला नहीं है." न उघडलेलं तेच उघडून बघायचं असतं. कोनच्या, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या शंकूच्या, कडेला फोमची पट्टी असेल तर बोट लावा. आपल्या दमट हवेत ती शिळ्या केकसारखी भुगा होते. रबराची किंवा कापडी कड असेल तर निर्धास्त. फोम बदलता येतो, पण तो खर्च भावातून कापून घ्या. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर टेकवून हलकेच आत दाबा. आतून खरवडल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय, नमस्कार करून पुढे चला. खिशात दीड व्होल्टचा एक सेल ठेवा. त्याचं अधिक टोक लाल टर्मिनलला आणि उणे टोक काळ्याला क्षणभर टेकवलं की "टप्प" वाजून कोन पुढे यायला हवा. एका पेटीचा पुढे आणि दुसरीचा मागे गेला, तर कुणीतरी आत वायर उलटी जोडलेली आहे आणि खर्ज हवेतच विरणार. शेवटी पेटीचा तळ बघा. भुशाच्या दाबलेल्या फळीने पाच-सहा पावसाळे पाहिले असतील तर ती खालून भिजवलेल्या पावासारखी फुगलेली असते.

ॲम्प्लिफायरची परीक्षा आणखी सोपी, आणि ती न करणारे जास्त. मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलंय ते आधी वाचा. जपानी घरगुती माल 100 व्होल्टचा, अमेरिकी 120 चा, आपल्या भिंतीत 230. थेट लावला तर एकदाच वाजतो, तोही फट्टकन. मग स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला, पाच-सहा किलोचा, म्हणजे जमिनीवर आणखी एक डबा ज्याला केरसुणी रोज लागणार. 220-240 ची खटकी असलेला सेट मिळत असेल तर थोडे जास्त देऊन तोच घ्यावा. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट पहिल्यांदा सिरीज बोर्डवर चालू करा, म्हणजे त्याची वीज शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बमधून जाऊ द्या. एलईडी चालत नाही. बल्ब भपकन पेटून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बने तुमचे पैसे वाचवले. पुढे स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर शांतपणे घासाघीस करा. व्होल्टमध्ये आकडा आला तर तो स्पीकरची कॉइल जाळणार.

ट्यूनर म्हणजे सेटमधला रेडिओ, त्याबद्दल एवढंच: जपानमध्ये वापरायला बनवलेला सेट एफएमवर 76 ते 90 मेगाहर्ट्झच पकडतो. आपली खासगी स्टेशनं 91 पासून सुरू. म्हणजे रेडिओ उत्तम, ऐकायला शांतता. आणि आकडे दाखवणारा अमेरिकी सेट मध्यम लहरींवर दहा-दहा किलोहर्ट्झने उड्या मारतो. पुणे आकाशवाणीचं 792 त्याला 790 आणि 800 च्या मध्ये कुठे सापडायचं?

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, जागा खातं ती वरची. नुसत्या ठेवण्याला 15 सेंटिमीटर पुरतात, पण झाकण उघडायला 40 लागतात, आणि नेमकं तिथे फळीवर देवघर असतं. अमेरिकेहून कुणा नातेवाइकाने आणलेलं असेल तर मोटर बघा. साधी एसी मोटर 60 सायकलची असेल तर आपल्या 50 सायकलवर 33⅓ फेऱ्यांच्या जागी 27.8 फेऱ्या होतात. तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं चार मिनिटांचं होतं, आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही किंचित खाली उतरून, सर्दी झाल्यासारखी गाते. पुली बदलली की बाई बरी होते. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हला ही बाधा नाही. स्पीकर ज्या फळीवर, तिच्यावर टर्नटेबल कधीच नको. खर्ज सुईत परत शिरतो आणि घूंऽऽ करत वाढतच जातो. बाहेरच्या, पक्क्या भिंतीत ब्रॅकेट ठोकून वेगळी फळी करा. आणि त्या भिंतीमागे शेजाऱ्यांचा मिक्सर नाही ना, ते आधी विचारा.

कॅसेट डेक "फक्त बेल्ट गेलाय" म्हणून विकतात. बहुतेक वेळा खरंच बेल्टच गेलेला असतो, पण तो जाताना डांबर होऊन सगळ्या पुलींवर पसरून गेलेला असतो. ते डांबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कानकाडीने, एक-एक पुली करत काढावं लागतं. नंतर आठवडाभर बोटं काळी.

सगळं जमलं, की पुन्हा मोजायची टेप काढा. दोन स्पीकर सहा फुटांवर, आणि दोघांपासूनही सहा फुटांवर कान, असा समभुज त्रिकोण. त्याचं तिसरं टोक सोफ्यावर यावं अशी आपली इच्छा. पण आकडेमोड केली तर ते सोफ्याच्या दीड-दोन फूट अलीकडे येतं, टीपॉयच्या बाजूला, स्वयंपाकघरातून बाल्कनीत कपडे वाळत घालायला जायच्या ऐन वाटेवर. तिथे बसता येत नाही. तिथे फक्त पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन कुणीतरी मिनिटभर थांबतं, वायरींवर एक नजर टाकतं, आणि "हे असंच ठेवणार का?" असं विचारता विचारता त्या घरातला सगळ्यात चांगला स्टिरिओ ऐकतं.