२२ मिनिटांचं पंक्चर

सायकलचं पंक्चर घरच्या घरी कसं काढायचं, याचा मी २२ मिनिटांचा व्हिडिओ केला. पंक्चर काढायला २२ मिनिटं लागली, म्हणून व्हिडिओही तेवढाच. यूट्यूबवरचा पहिलावहिला व्हिडिओ, २३ एप्रिल २००५ चा, अवघ्या १९ सेकंदांचा आहे, हे मुलीने मुद्दाम माझ्या कानावर घातलं. त्यात एक तरुण हत्तींपुढे उभा राहून त्यांची सोंड लांब असते, एवढंच सांगतो. हत्ती आटोपतो हो १९ सेकंदांत. ट्यूबचं भोक सापडायलाच ७ मिनिटं जातात.

आता व्हिडिओ ठेवायचा कुठे? आधी मी तो माझ्याच वेबसाइटवर नुसती फाइल म्हणून टाकला आणि मावशीला लिंक धाडली. अर्ध्या तासाने तिचा फोन.

"अरे, नुसतं गोल गोल फिरतंय."

"चाक ना? ते फिरवूनच दाखवलंय मी."

"चाक नव्हे रे, मधलं ते पांढरं!"

व्हिडिओ ठेवणाऱ्या सेवा एकाच व्हिडिओच्या लहानमोठ्या प्रती करून ठेवतात आणि बघणाऱ्याचं नेट रडायला लागलं की पुढचा तुकडा हलक्या प्रतीतला देतात. माझी फाइल एकच, तीही धष्टपुष्ट. मावशीच्या फोनला ती पेलणं शक्यच नव्हतं.

मग पैसेवाल्या सेवांकडे वळलो. तिथे जाहिराती नाहीत, आजूबाजूला भलते व्हिडिओ नाहीत, सगळं कसं सोवळ्यातलं. फक्त महिन्याचं भाडं, आणि ठराविक मर्यादेपुढे किती डेटा वाहिला त्याचा हिशेब. मी कागद-पेन घेऊन बसलो. माझ्या व्हिडिओला सेकंदाला ८ मेगाबिट डेटा लागतो, म्हणजे १ मेगाबाइट. २२ मिनिटांचे १३२० सेकंद, म्हणजे एका माणसामागे सव्वा जीबीच्या वर. १००० माणसांनी शेवटपर्यंत बघितलं तर १३२० जीबी! त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा मला लोकप्रियतेची धास्ती वाटली. सकाळी उठून मावशीला फोन करून बजावलं, "हे बघ, चालू झाला तरी एकदाच बघ. आणि मैत्रिणींना पाठवू नकोस." ती अजून रागावलेली आहे.

शेवटी फुकटचा रस्ता धरला, यूट्यूबचा. व्हिडिओ १५ मिनिटांपेक्षा लांब, म्हणून आधी फोन नंबर पडताळून झाला. मग रात्रभर चढणं झालं. सकाळी पत्र हजर: ११व्या मिनिटाला तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं गाणं वाजतंय. गाणं शेजाऱ्यांच्या रेडिओवरचं. मला स्वतःला ते तीनदा ऐकून ओळखता आलं नव्हतं, यंत्राने एका रात्रीत ओळखलं. व्हिडिओ राहील, पण त्यावरच्या जाहिरातींचं उत्पन्न गाण्याच्या मालकाला जाईल. हवा मी भरायची, मजुरी त्यांनी घ्यायची. बरं, जाहिरात तरी कसली? माझं "नमस्कार" व्हायच्या आत एक बाई येऊन सांगते, अमुक टायर घ्या आणि पंक्चर हा शब्दच विसरा.

तरी मी खूश होतो. आठवडाभरात आकडा २१४ वर गेला. त्यातले वीसेक माझे, हे मान्य. लिंक नातेवाइकांत, ऑफिसात, जुन्या वर्गमित्रांत, सगळीकडे पोचली. आणि मग मुलगी म्हणाली, "बाबा, टायर उलटा बसवलाय तुम्ही. त्याच्यावर बाण असतो, कुठल्या दिशेने फिरायचं त्याचा."

शेवटची ४ मिनिटं पुन्हा चित्रित केली. पण त्या फुकट सेवेत लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येत नाही. जुना व्हिडिओ काढा, नवा चढवा, नवी लिंक वाटत फिरा, आणि २१४ चं शून्य होताना बघा. एका पैसेवाल्या सेवेत मात्र ही सोय होती. तिच्या पानावर मी ती वाचलीही होती आणि 'ही चुका करणाऱ्यांसाठी असणार' म्हणून पुढे सरकलो होतो.

२१४ काही माझ्याच्याने पुसवेना. व्हिडिओखाली एक ओळ तेवढी लिहून ठेवली आहे: "टायरवरचा बाण बघा. मी बघितला नव्हता."