म्हणे ग्रामर फेकून द्या, तीस दिवसांत फाडफाड इंग्लिश!

सध्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "30 दिवसांत फाडफाड इंग्लिश, फक्त 6 नियम". तुमच्यापर्यंत आला नसेल (नशीबवान आहात) तर थोडक्यात सांगते. ग्रामर विसरा, मराठीत विचार करणं बंद करा, सबटायटल बंद करून इंग्लिश सिनेमे बघा, रोज 10 नवे शब्द पाठ करा, ॲक्सेंट अमेरिकन करा, आणि लिहिण्याचं टेन्शन घेऊ नका कारण बोलता आलं की लिहिता येतंच, नाहीतर एआय आहेच. मी डिप्लोमाच्या पोरांना इंग्लिश शिकवते, त्यातली निम्मी पोरं हा मेसेज मलाच पाठवतात आणि खाली "मॅडम खरंय का?", म्हणून एकदाच सगळ्याला उत्तर देऊन टाकते.

"लहान मूल ग्रामर शिकतं का? तरी बोलतंच ना!"

बोलतं की. पण ते मूल दिवसाचे 10 तास तरी त्या भाषेत असतं, म्हणजे पाच वर्षांत 18 हजार तास झाले, वर आई, आजी, शेजारच्या काकू सगळ्या हातातलं काम टाकून त्याच्याशी बोलत बसतात, ते "बाबा आली" म्हणालं की "आली नाही रे, आले" असं लगेच सुधारून देतात. तुमच्याकडे काय आहे, तर कामावरून आल्यावरचा अर्धा तास, तोही मोबाईल बाजूला ठेवला तर. त्या हिशेबानं 18 हजार तास व्हायला 100 वर्षं लागतील. मोठ्या माणसाला नियम कळतो हाच त्याचा फायदा, तोच सोडून द्यायला सांगतायत.

आता शाळेतलं "डू ॲज डायरेक्टेड" विसरलात तर माझी काही हरकत नाही, नो सूनर दॅनची वाक्यं उलटसुलट करून कुणाचं बोलणं सुधारलेलं मी तरी पाहिलं नाही. पण जिथे मराठी आपल्याला हमखास चुकीकडे ओढते तेवढं ग्रामर लागतंच. "मी इथे दोन वर्षांपासून काम करतोय" याचं आपण बिनधास्त "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स" करतो, कारण मराठीत चालू काळानं काम भागतं, इंग्लिशला तिथे "हॅव बीन वर्किंग" लागतं, आणि आपल्या एका "पासून"ची तिकडे दोन कामं होतात, सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ झाला ते सांगायचं तर फॉर. तसंच "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" (हवं "आय हॅव"), तसंच "क्लोज द फॅन" (हवं "टर्न ऑफ"), तसंच "गिव्ह द एक्झाम" (हवं "टेक"). अ, ॲन आणि दचं तर बोलायलाच नको, मराठीत तो प्रकारच नाही त्यामुळे गाळला तरी कानाला खटकत नाही. आणि हे नुसतं ऐकून सुधारेल म्हणावं तर आजूबाजूला बँकेत, कॉलेजात, ऑफिसात सगळे असंच बोलतात, मग ऐकून तेच पक्कं होणार ना? अशा आपल्या स्वतःच्या आठ-दहा चुकांची यादी करा, तेवढंच ग्रामर आधी घ्या. जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून काढू नका.

"मराठीत विचार करणं बंद करा"

कसं बंद करायचं ते मात्र मेसेजमध्ये नाही! बटण असतं तर मीही दाबलं असतं. सराव वाढला की बोलताना मराठी आपोआप मागे पडते, पण तोपर्यंत तिला शत्रू कशाला करायचं? रॉजर ॲस्कम म्हणून एक शिक्षक होता, इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथला शिकवणारा, त्याचं शिकवण्यावरचं पुस्तक 1570 मध्ये आलं, त्यात त्यानं सांगितलेली पद्धत अशी की लॅटिन उतारा इंग्लिशमध्ये करायचा, मूळ बाजूला ठेवायचं, थोड्या वेळानं आपल्याच इंग्लिशवरून परत लॅटिन करायचं आणि मुळाशी ताडून बघायचं. हीच गोष्ट आपण पेपरातल्या पाच ओळींवर करू शकतो, इंग्लिशवरून मराठी, दुसऱ्या दिवशी मराठीवरून इंग्लिश. कुठे द गाळला, कुठे काळ चुकला, कुठला शब्द कुठल्या शब्दाला चिकटून येतो, सगळं समोर येतं, आणि चुका दाखवायला मूळ उताराच असतो, फी नाही. (माझा धंदा बुडेल, पण असो.)

"सबटायटल बंद करून सिनेमे बघा"

बघा, पण सबटायटल चालू ठेवा, इंग्लिशच. 2009 मध्ये डच विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, त्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांचे कार्यक्रम दाखवले, तर इंग्लिश सबटायटल असलेल्यांना ते उच्चार नंतर जास्त चांगले कळले, डच सबटायटलनं उलट अडथळाच झाला.

पण खरी गोची पुढे आहे. बघून समजायला लागतं, बोलता येतंच असं नाही. कॅनडात इंग्लिश बोलणाऱ्या घरांतली पोरं फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकली, त्यांचं मेरिल स्वेन या बाईंनी निरीक्षण केलं आणि 1985 मध्ये मांडलं की पोरांना समजतं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं, पण बोलण्या-लिहिण्यात चुका तशाच राहतात. एक मोठं कारण म्हणजे वर्गात बोलायचे शिक्षक, पोरांना सलग चार वाक्यं बोलायची वेळच यायची नाही. आपल्याकडच्या इंग्लिश मीडियमच्या किती पोरांना हे ओळखीचं वाटेल सांगा. भाकरीचे व्हिडिओ कितीही बघा, थापल्याशिवाय हात बसत नाही. तेव्हा अख्खा सिनेमा बघायचा तर मजेसाठी बघा, अभ्यासाला दोन मिनिटांचा तुकडा घ्या, त्याच्यासोबत बोला, मग बंद करून तेच आपल्या शब्दांत मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, ते सगळ्यांचंच होतं.

"रोज 10 नवे शब्द"

सोबत जे शब्द दिलेत ते मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत. इंग्लिशमधले सगळ्यात जास्त वापरातले 2,000 शब्द साध्या मजकुराचा जवळपास 80 टक्के भाग व्यापतात आणि त्यातले बहुतेक तुम्हाला दहावीतच माहीत झालेत. अडचण अशी की गेट, टेक, पुट माहीत असतात पण पुट ऑफ, टर्न डाउन, गेट बाय वेळेवर तोंडात येत नाहीत. आठवड्याला असे पाच घ्या आणि स्वतःच्या आयुष्यातल्या वाक्यात वापरा.

"ॲक्सेंट अमेरिकन करा"

नको, कृपा करा. मराठी ॲक्सेंटनं काही बिघडत नाही, समोरच्याला कळायला अडतं ते दुसरीकडेच. एक म्हणजे जोर, फोटोग्राफमध्ये तो पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर, आपण सगळीकडे सारखाच देतो. दुसरं, शब्दाच्या सुरुवातीचा प ते लोक थोडा हवा सोडून म्हणतात, आपला कोरडा प त्यांना कधीकधी ब ऐकू येतो. आणि व्ही, डब्ल्यू दोन्हीला आपण एकच व वापरतो, व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, डब्ल्यूला ओठ गोल. एवढं झालं तरी फोनवर "पार्डन?" कमी होतं.

"बोलता आलं की लिहिता येतं, नाहीतर एआय आहेच"

बोलताना हातवारे असतात, समोरचा सावरून घेतो, मेलमध्ये कोण सावरणार? म्हणून मग आपण "विथ रिफरन्स टू द अबाव्ह सब्जेक्ट" आणि "काइंडली डू द नीडफुल" लावून मोकळे होतो आणि नक्की काय हवंय ते चौथ्या ओळीत. बेंजामिन फ्रँकलिन पोरवयात भावाच्या छापखान्यात उमेदवारी करायचा तेव्हा लंडनच्या "स्पेक्टेटर"मधले लेख घेऊन प्रत्येक वाक्याचा आशय तेवढा टिपून ठेवायचा, काही दिवसांनी त्यावरून लेख स्वतः लिहायचा आणि मूळ लेखाशी ताडून चुका सुधारायचा. त्याची तर ही मातृभाषा होती!

एआय वापरू नका असं मी म्हणत नाहीये, पण आधी स्वतः लिहा, मग त्याला सांगा की नवं लिहून देऊ नकोस, फक्त चुका दाखव आणि का चुकलं ते सांग. मग परत तुम्हीच लिहा. सरळ त्याच्याकडूनच लिहून घेतलंत तर मेल छान जाईल आणि इंटरव्ह्यूला तुम्हीच अडकाल.

राहिले 30 दिवस. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्यांचा अंदाज आहे की शून्यापासून बी-टू पातळीला, म्हणजे कामकाज नीट चालेल इतपत इंग्लिशला, साधारण 500 ते 600 तासांचं शिकणं लागतं. रोज अर्धा तास धरला तर तीन वर्षं. तुम्ही शाळेत शिकलाय त्यामुळे शून्यावर नाही आहात, कमी लागेल, पण 30 दिवसांचे होतात 15 तास. त्या 15 तासांत दोन कामं नक्की होतील, "मायसेल्फ अमुक तमुक" सोडून दोन मिनिटं स्वतःबद्दल न अडखळता सांगता येणं, आणि सिन्स-फॉरची चूक बंद. तिसरं काम पुढच्या महिन्यात घ्या.