प्रकल्प हवाच, फक्त पलीकडच्या वॉर्डात

सांगलीत गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर महापालिकेची माणसं टेप घेऊन फिरताना दिसली, चुन्याची फक्की पडली, की वेळ घालवू नका. काय होणार आहे ते विचारत बसू नका. स्वच्छतागृह असो, सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन असो की कचरा वेगळा करायची शेड, आपला विरोध आहे. माहिती घेतली की विरोधाची धार जाते.

आधी कृती समिती काढा. अध्यक्ष तोच, ज्याचा शेजारचा प्लॉट विकायचा राहिलाय. निवेदनात मात्र लहान मुलं, वृद्ध, शाळा आणि मंदिर यायलाच हवं. पूररेषेचाही मुद्दा टाका. २०१९ च्या महापुरात इथं पाणी होतं म्हणावं. आपला बंगला त्याच पाण्यात होता, ते कोण विचारतंय? शेवटची ओळ ठरलेली: अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.

निवेदन आयुक्तांच्या आधी वार्ताहराला द्या. वाचणार दोघंही नाहीत, पण वार्ताहर फोटो तरी काढेल. बायका पुढे, हातात घागरी. प्रश्न पाण्याचा नसला म्हणून काय झालं, घागरीशिवाय संताप छापून येत नाही. पुरुषांनी नाकाला रुमाल लावावा. प्लॉटवर सध्या दोन बाभळी आणि बांधलेली एक शेळी आहे, मग वास कशाचा, असले प्रश्न डोक्यात आणू नका. फोटोग्राफरच सांगेल, ‘दादा, रुमाल जरा वर घ्या.’ सकाळी ‘नागरिक संतप्त’ तयार.

यूट्यूबवाल्याने बूम पुढे केला की ‘आमच्या जिवाशी खेळ चाललाय’ एवढंच बोला. मग कचरा टाकायचा कुठं, असं तो उलट विचारणार नाही. विचारलं तर चर्चा होईल, आणि चर्चेला व्ह्यूज नाहीत.

खरं तर उत्तर सगळ्यांना पाठ आहे. सांगलीचा कचरा समडोळी रस्त्याला, मिरजेचा बेडग रस्त्याला. ओला-सुका एकाच ढिगात पडतो, आतला ओला हवेवाचून कुजून मिथेन धरतो, मग ढीग पेटला की विझता विझत नाही. तो धूर गिळणारा माणूस ओरडला तरी ‘नागरिक संतप्त’च छापून येतं. फरक इतकाच की तुम्ही गावात, पत्रकाराच्या स्कूटरच्या टप्प्यात. म्हणून तुमचा फोटो मोठा आणि त्याचा आतल्या पानावर. कचरा घरातच वेगळा करा असं २०१६ च्या घनकचरा नियमांपासून सांगून ठेवलंय. पण वांग्याची देठं, डायपर आणि संपलेले सेल एकाच पिशवीत घालून घंटागाडीत टाकताना कोणी फोटो काढत नाही, तेव्हा निर्धास्त राहा.

भाषण करायचंच तर शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्यावर करा. नाला कृष्णेत मिसळतो यावर सांगलीत एकमत आहे. ते पाणी उचलायला पंपिंग स्टेशन लागतं, ते मात्र भाषणात आणू नका, नाहीतर समिती फुटेल.

जागा बदलली की पेढे वाटा, गुलाल उधळा. नव्या जागेवरचे लोक रस्त्यावर आले आणि वार्ताहराने तुमची प्रतिक्रिया विचारली, तर गंभीर चेहऱ्याने सांगा, ‘शहराच्या हितासाठी तिथल्या नागरिकांनी सहकार्य करावं.’ आणि फोन ठेवण्याआधी त्याला आठवणीने सांगा, दोन दिवस झाले, आपल्या गल्लीत घंटागाडी आलेली नाही.