लिम्फोसाइट ४८ टक्के? आधी गुणाकार करा

एक मेसेज बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन गेला असेल. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट ४० टक्क्यांच्या वर असतील तर ती ब्लड कॅन्सरची पहिली पायरी. ताप-खोकला नसताना वाढले असतील तर खात्रीच समजा. लहान मुलांत धोका दुप्पट. लगेच अँटिबायोटिकचा कोर्स करा आणि आकडा खाली येईपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासा.’

मी पॅथॉलॉजीत काम करते. या मेसेजमुळे रात्रभर न झोपलेली माणसं सकाळी रिपोर्टवर लाल पेनाने गोल करून समोर येतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘४० टक्क्यांच्या वर म्हणजे कॅन्सर’

टक्के कशाचे, हे मेसेज विचारतच नाही. पांढऱ्या पेशींमध्ये मुख्य वाटेकरी दोन, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट. एकाचा वाटा घटला की दुसऱ्याचा आपोआप फुगतो. असाच गोल केलेला एक रिपोर्ट घ्या: एकूण पांढऱ्या पेशी ४,२००, लिम्फोसाइट ४८ टक्के. गुणाकार केला की येतात साधारण २,०१६. मोठ्या माणसात एका मायक्रोलिटर रक्तात १,००० ते ४,००० लिम्फोसाइट चालतात (लॅबप्रमाणे वरची मर्यादा थोडी इकडेतिकडे होते). म्हणजे लिम्फोसाइट वाढलेच नव्हते, न्यूट्रोफिल घटले होते. विषाणूजन्य तापानंतर असं सर्रास दिसतं. डेंग्यूत आणि टायफॉइडमध्येही एकूण पेशी उतरतात आणि लिम्फोसाइटचा टक्का उगाच भाव खातो.

आता उलटं बघा. एकूण पेशी १४,०००, लिम्फोसाइट ३८ टक्के. मेसेजच्या हिशेबाने हा माणूस बिनघोर. प्रत्यक्षात त्याचे लिम्फोसाइट ५,३२० आहेत आणि लक्ष द्यायचं ते इथे. थोडक्यात, हा मेसेज नको त्याला घाबरवतो आणि हव्या त्याला सोडून देतो. रिपोर्टमध्ये ‘ॲब्सोल्यूट’ म्हणजे प्रत्यक्ष संख्येची ओळ असते, ती वाचा. नसेल तर मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहेच.

‘ताप-खोकला नसताना वाढले तर खात्रीच’

खरोखरच वाढलेल्या लिम्फोसाइटची कारणं बरीच आहेत, आणि त्यातली कित्येक अंगावर काही दाखवत नाहीत. ताप उतरून दोन-तीन आठवडे झाले, माणूस आजार विसरला, तरी रक्त विसरलेलं नसतं. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गात तर आकडा जागेवर यायला काही आठवडे सहज जातात. सायटोमेगॅलो विषाणू, काविळीचे विषाणू, एचआयव्हीचा सुरुवातीचा काळ, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी, कधी क्षयरोग, हेही यादीत आहेत. सिगारेट ओढणाऱ्यांत आकडा थोडा चढा राहतो. अपघातात प्लीहा काढावी लागलेल्यांत तो वर्षानुवर्षं चढा राहू शकतो. काही औषधांच्या ॲलर्जीतही वाढतो. हार्ट अटॅक, मोठी इजा किंवा फिट आल्यावर लगेच रक्त काढलं, तर ॲड्रेनालिनच्या लाटेने लिम्फोसाइट उसळलेले सापडतात आणि एखाद-दोन दिवसांत खाली बसतात.

मग कॅन्सर कधीच नसतो का? असतो. उतारवयात, कुठलाही त्रास नसताना, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीबीसीत क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया (लिम्फोसाइटचा सहसा हळू वाढणारा ब्लड कॅन्सर) सापडतो, हे खरं आहे. मेसेजमधला सत्याचा कण तो एवढाच. पण त्याचं निदान टक्क्यावर होत नाही. एकाच पेशीपासून वाढलेल्या, म्हणजे एकाच वंशाच्या बी-लिम्फोसाइट (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) ५,००० किंवा त्याहून जास्त, त्याही किमान तीन महिने टिकून, असा निकष आहे आणि वंश ओळखायला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा तपासणारी चाचणी, लागते. निदान झालं तरी सुरुवातीच्या टप्प्यात अनेकांना नुसतं देखरेखीखाली ठेवतात, कारण त्रास नसताना घाईने औषध सुरू करून आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही.

काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्या स्लाइडवर संसर्ग आणि कॅन्सर यांतला फरक बघण्यासारखा असतो. संसर्गात लिम्फोसाइट नाना आकारांचे दिसतात: कोणी मोठा, कोणाची कड निळसर, कोणी शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगून त्यांच्याभोवती वाकलेला. त्या ल्युकेमियात मात्र एकाच साच्यातून काढल्यासारख्या लहान पेशी ओळीने, आणि मधूनमधून स्लाइड ओढताना फुटून पसरलेले डाग. मशीनचा टक्का यातलं काहीच सांगत नाही.

‘लहान मुलांत धोका दुप्पट’

इथे मेसेज साफ घसरलाय. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइटच जास्त असतात. दोन वर्षांच्या बाळात ६० टक्के हे नेहमीचं चित्र आहे. मोठ्यांचा तक्ता मुलाला लावला की निरोगी मूलही आजारी ठरतं. मुलांच्या ल्युकेमियात काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टींनी: हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घसरणं, अंगावर निळे-लाल डाग, हाडं दुखणं, न हटणारा ताप, स्लाइडवर कच्च्या पेशी म्हणजे ब्लास्ट. त्यात लिम्फोसाइटचा टक्का नॉर्मलही असू शकतो. ब्लास्ट दिसले तर मात्र आठवडाभर थांबायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन जातो.

‘अँटिबायोटिक घ्या’

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. विषय संपला असता, पण एक गमतीशीर अपवाद आहे: डांग्या खोकला. तो जिवाणूचा, तरीही लिम्फोसाइट वाढवतो, कारण त्याचं विष लिम्फोसाइटना रक्तातून लसिका गाठींमध्ये शिरू देत नाही. बाहेर अडकलेली ती गर्दीच मोजणीत दिसते. तान्ह्या बाळात एकूण पेशी ५०,००० च्या पुढेही जाऊ शकतात आणि तसं झालं तर ते गंभीर असतं. तिथे अँटिबायोटिक देतात, पण खोकल्याचं निदान करून, टक्का बघून नव्हे.

‘दर आठवड्याला तपासा’

गेल्या आठवड्यात ४८, आता ४५, पुढे ४७. एवढा फरक दिवसागणिक होतच असतो. प्रकृती ठीक आणि स्लाइड स्वच्छ असेल, तर डॉक्टर सहसा काही आठवड्यांनी पुन्हा बघायला सांगतात. मानेत-काखेत न दुखणाऱ्या गाठी, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री कपडे भिजवणारा घाम, यातलं काही असेल तर थांबू नका. दाखवायला जाताना नव्या रिपोर्टसोबत जुनाही न्या. पाच वर्षांपूर्वीच्या कागदावरही ४६ टक्केच असेल, तर डॉक्टरांचे पुढचे प्रश्नच बदलतात.