सेटर पळू नये म्हणून

बेळगावच्या उद्यमबागेत तुमचं मशीनिंगचं युनिट आहे आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, जॉब लावून देणारा हाताशी आलेला सेटर दोन हजार जास्तीला शेजारच्या शेडमध्ये जाईल या धास्तीनं झोप उडालीय? मालक, पगार वाढवायचा अविचार करू नका. एकाचा वाढवला की सगळे दारात. त्यापेक्षा ई-स्टॅम्पवर करार करून घ्या: नोकरी सोडल्यावर तीन वर्षं, बेळगावपासून पन्नास किलोमीटरच्या आत, या लाइनीत कुठंही काम करणार नाही.

पन्नास अशासाठी, की सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली शिनोळी आत आली पाहिजे. सीमावादाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुम्ही कंपासच्या एका फेरीत दोन्ही राज्यं एक केलीत. महाराष्ट्र एकीकरण समितीला तरी कुठं जमलं?

कागद वकिलाला मात्र दाखवू नका. तो 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 काढून बसेल. कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. सवलत आहे ती गुडविल, म्हणजे धंद्याचं कमावलेलं नाव, विकणाऱ्याच्या बाबतीत. तुमच्या सेटरनं कुठलं गुडविल विकलंय? तो बिचारा डबा घेऊन फर्स्ट शिफ्टला येतो. कराराची मुदत संपल्यावरचं बंधन चालत नाही, हे 2006 साली श्रीरामपूरच्या क्रिकेटर झहीर खानच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंच सांगितलं. पण तो झहीर खान. मच्छे-पिरनवाडीचं पोरगं कोर्टाची पायरी चढतंय होय? तुमच्या कराराचा सगळा जोर तिथंच आहे.

नोकरी चालू असताना दुसरीकडं राबू नको, एवढं बंधन टिकतं. 1967 सालचा निकाल आहे. ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकाचे दर बाहेर न्यायलाही अडवता येतं. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होतं? बाँड म्हणाल, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचे, तर 2025 मध्ये विजया बँकेचा तीन वर्षं आणि दोन लाखांचा बाँड सुप्रीम कोर्टानं मान्य केला. मात्र बँकेला नवी भरती करायची तर जाहिरात, परीक्षा असा खर्च होता. तुमच्याकडची भरती म्हणजे चहाच्या टपरीवर टाकलेला शब्द, आणि ट्रेनिंग म्हणजे जुन्या सेटरच्या शिव्या. त्याचं बिल कुठून आणणार? त्यापेक्षा आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट ‘बघून देतो’ म्हणून घ्या आणि कपाटात टाका.

आणि हो, दिवाळीआधी पलीकडच्या शेडमधून जो पोरगा तुम्ही उचललात, त्यानं तिकडं असल्याच कागदावर सही केलीय. त्या मालकाची नोटीस आली, तर कलम 27 वकिलाकडून नीट समजून घ्या.