आप्पांना कुलूप

विश्रामबागेतल्या आमच्या घरी एक जुना लॅपटॉप होता, स्क्रीन फुटलेला. त्यावर मी जेलीफिन चढवलं. घरातले व्हिडिओ टीव्हीवर, मोबाइलवर दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर. एम्बी या तसल्याच सॉफ्टवेअरनं आपला कोड झाकून घेतला, तेव्हा २०१८ साली काही मंडळींनी वेगळी चूल मांडली, तिचं हे बाळ. वेगळ्या चुलीतली वस्तू एकत्र कुटुंबात आणली, तिथंच चुकलं.

सुरुवातीला खातं एकच, माझं. अ‍ॅडमिनचं, म्हणजे सगळे हक्क असलेलं. अख्खं घर त्याच खात्यावर. आईची अर्धवट मालिका, आप्पांचं कीर्तन आणि मी रात्री चोरून बघतो तो भुताचा पिक्चर, सगळं एका रांगेत. तेही खपलं असतं. पण आठ वर्षांच्या पुतण्यानं कुठंतरी 'डिलीट' दाबलं आणि दादाच्या लग्नाची सप्तपदी गेली. दादा म्हणाला, "जाऊ दे, सुटलो." सप्तपदी गेली त्यापेक्षा वहिनीला हे जास्त लागलं.

मग मी प्रत्येकाला खातं काढलं. डिलीटची खूण सगळ्यांची काढली. पुतण्याला वयाची मर्यादा, रात्री आठनंतर बंद आणि रेटिंग नसलेलं काहीही दिसायचं नाही, असा चोख बंदोबस्त. दुसऱ्या दिवशी पोरगं रडत आलं, "काका, मी माझंच बारसं बघायला लहान आहे का?" बारशाच्या व्हिडिओला सेन्सॉरचं सर्टिफिकेट कुठून आणणार?

आप्पांचं प्रकरण मोठं. साध्या खात्याला पासवर्ड चुकवायची मुभा तीनदा, नंतर खातं बंद. टीव्हीच्या रिमोटनं एकेक अक्षर वेचत जायचं, त्यात आप्पांचा अंगठा जाड, तीन चुका तर पहिल्या मिनिटातच. मी जिना उतरेपर्यंत आवाज आलाच.

"घर माझ्या नावावर, लाइटचं मीटर माझ्या नावावर, आन् मलाच आत घेत न्हाई व्हय रं हे?"

त्यावर क्विक कनेक्ट हा उतारा. टीव्हीवर सहा आकडे येतात, ते लॉगिन असलेल्या मोबाइलवर टाकले की झालं. आता रोज संध्याकाळी आप्पा खालून आकडे ओरडतात आणि मी वर माडीवर भडंगाचा हात पुसून ते टाइप करतो. शेजारच्यांना पाठ झाले असतील. बरं, कोड दर वेळी नवा असतो.

काकूच्या खात्यात 'दुसऱ्याचं रिमोट चालवू द्यावं' ही खूण माझ्याकडून चुकून लागली होती. तिनं स्वयंपाकघरातून मोबाइलवर बोट फिरवलं आणि आप्पांच्या कुस्तीच्या मधोमध भूपाळी सुरू झाली. संध्याकाळी सात वाजता.

आई एवढंच म्हणाली, "मला ते सगळं चालतं ते दे." दिलं. आईला कोण नाही म्हणणार? तिनं अ‍ॅडमिनचा पासवर्ड कॅलेंडरवर लिहून ठेवला, दुधाचा खाडा आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख यांच्या मधल्या चौकोनात. ठळक, गोल अक्षरात. पुतण्याला वाचता येतं, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

काल रात्री भुताचा पिक्चर लावायला बसलो. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. माझं खातं उघडेना.