गाईला ‘भूभू’ म्हणणारं पोर मठ्ठ नसतं

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. दीड वर्षाचं मूल गाईला, शेळीलाही ‘भूभू’ म्हणत असेल तर त्याची बुद्धी कमी आहे म्हणे. दर वेळी ‘चूक!’ म्हणून टोका, रोज शंभर चित्रं घोटून घ्या, घरात एकच भाषा बोला. कोथरूडला माझ्या वहिनीनं तो वाचला आणि पोराला दटावायला सुरुवात केली. पोर आता बोलायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघतं. माझं डोकं फिरलंय ते यामुळे.

बुद्धी कमी? मानसशास्त्रज्ञ लेस्ली रेस्कोर्ला यांनी सहा मुलांच्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या, १९८० साली तो अभ्यास छापून आला. मुलांच्या पहिल्या ७५ शब्दांपैकी साधारण ३३ टक्के शब्द असेच भलत्या गोष्टींनाही लावलेले होते. म्हणजे हा टप्पाच आहे. मुलाजवळ शब्द मोजके, जग अफाट. चार पाय, शेपूट, अंगावर केस एवढं हेरून ते जवळचा शब्द वापरतं. दोन वेगळ्या प्राण्यांतलं साम्य त्याला दिसलं, ही अक्कलच आहे की!

शिवाय बोलताना गल्लत झाली म्हणजे समजण्यातही ती असतेच असं नाही. आमच्या याच पोरापुढे कुत्रा आणि गाय एकाच पानावर असलेलं पुस्तक धरलं आणि विचारलं, “भूभू कुठाय?” बोट थेट कुत्र्यावर. गाईवर बोट ठेवून “हे काय?” विचारलं, तर पुन्हा “भूभू”. फरक त्याला कळतो, शब्द तेवढा हाताशी नाही. मग तो द्यावा: “ही हम्मा. बघ, हिला शिंगं आहेत.” नाव आणि फरक दोन्ही मिळालं, रागवायची गरजच काय?

शंभर चित्रांच्या घोकंपट्टीला काडीचा आधार नाही. दोन भाषांचं तर बोलूच नका. घरात मराठी आणि जिन्यात हिंदी ऐकत पुण्यात कितीतरी पोरं व्यवस्थित बोलायला लागली.

मेसेजमधली एकच ओळ नाइलाजानं मान्य करतो: शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर जरूर दाखवावं, कानही तपासून घ्यावेत. पण तिथे प्रश्न मूल ऐकतं का, किती बोलतं, सांगितलेलं समजतं का, हा असतो. गाईला ‘भूभू’ म्हटल्याचा त्याच्याशी संबंध नाही.